पिशवीतले कागद आणि पडद्यावरची औषधं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



रौप्यमहोत्सवात बोलायला उभं राहिलं की जुन्या आठवणी सांगायच्या असतात. पण प्लॉट पडले तेव्हाचा माळ, पाण्याचे टँकर, पहिली बोअर आणि तिला न लागलेलं पाणी हे सगळं अध्यक्षांनी माझ्याआधीच सांगून टाकलंय. त्यामुळे माझं काम सोपं झालं. समितीनं मला सांगितलं, तुमच्या कामातलं काहीतरी सांगा, लोकांच्या उपयोगाचं.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. मी औषधनिर्माता. लोक कंपाउंडर म्हणतात, तेही मला चालतं. तीस-बत्तीस वर्षं रुग्णालयांच्या औषधखिडकीमागे उभा राहिलो. पहिली निम्मी वर्षं वह्या आणि रजिस्टरं, नंतरची वर्षं संगणक. दोन्ही काळ पाहिले. म्हणून विषय घेतलाय तो असा: रुग्णालयात चुका कशा होतात, संगणकानं त्यातल्या कोणत्या कमी केल्या, कोणत्या नव्या आणल्या, आणि यात आपण घरबसल्या काय करू शकतो.

आधीच सांगतो, मी डॉक्टरांना दोष द्यायला उभा नाही. समोर आपले दोन डॉक्टर सभासद बसलेत, त्यांनी निश्चिंत असावं.

आपलं चांदवड कुठं आहे ते बघा. मुंबई-आग्रा महामार्गावर. एका बाजूला राहुड घाट, तिथले अपघात आपल्याला नवे नाहीत. गावातला पेशंट आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथून चांदवडला उपजिल्हा रुग्णालयात, फारच झालं तर नाशिकला, साठ-पासष्ट किलोमीटर. कोणी मालेगावला जातो, कोणी मनमाडला. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवे डॉक्टर, नव्या गोळ्या. आणि या सगळ्यांना जोडणारा धागा कोणता? नातेवाइकाच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी. त्यात जुना एक्स-रे, अर्ध्या फाटलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, रक्ताचे रिपोर्ट आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. माणूस रुग्णवाहिकेतून जातो, त्याची माहिती पिशवीतून जाते. माणूस वेळेवर पोहोचतो, माहिती वाटेत सांडते. बहुतेक चुका इथं होतात, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना.

चूक म्हणजे काय

१९९९ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनं एक अहवाल काढला. 'टू अर इज ह्यूमन' असं त्याचं नाव, म्हणजे चुकणं हा मनुष्यधर्म. त्यात अंदाज होता की त्या देशात रुग्णालयातल्या टाळता येण्यासारख्या चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं दगावतात. जगभर खळबळ झाली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की उपचार घेताना साधारण दहातल्या एका रुग्णाला काही ना काही इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळतात, तो याच कारणानं.

त्या अहवालाचं मुख्य म्हणणं आकड्यात नव्हतं. म्हणणं असं होतं की चूक करणारा माणूस बहुतेक वेळा चांगलाच असतो, कामाची रीत भोकं असलेली असते. जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं हे भोकांच्या चीजच्या कापांचं उदाहरण देऊन समजावलं. आपण चाळण्या म्हणू. एकावर एक चार चाळण्या ठेवल्या तर खडा कुठं तरी अडकतोच. पण एखाद्या दिवशी चारही चाळण्यांची भोकं नेमकी एका रेषेत येतात, आणि खडा थेट ताटात पडतो. डॉक्टर, औषधनिर्माता, सिस्टर आणि घरचा माणूस, या त्या चार चाळण्या.

दोन सांगितली, एक दिली

आपल्याच महाराष्ट्रातली एक केस सांगतो. कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचा मांडीचा हाडमोड झाला. तिथल्या डॉक्टरनं तात्पुरत्या फळ्या बांधल्या आणि त्याला मोटारीनं पुण्याला आणलं. पुण्यात डॉक्टरांनी आपल्या सहायकाला सांगितलं, तासाच्या अंतरानं मॉर्फियाची दोन इंजेक्शनं द्या. सहायकानं एकच दिलं. पुढं पाय ओढून हाड बसवलं, आणि त्याच संध्याकाळी मुलगा गेला. वडील कोर्टात गेले. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' हा खटला १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला, आणि वडिलांच्या बाजूनं संपला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढलं, त्या धक्क्यानं मृत्यू झाला, हे न्यायालयानं मान्य केलं. डॉक्टरांवर रुग्णाची काय काय जबाबदारी असते, ते त्या निकालात मांडलंय.

कायद्याचं वकील सांगतील. माझं लक्ष त्या दुसऱ्या इंजेक्शनकडे जातं. तोंडी सांगितलेलं, न दिलेलं. आजच्या संगणकीकृत वॉर्डात दोन डोस नोंदवले असते तर दुसऱ्याची वेळ झाल्यावर पडद्यावर लाल रंगात दिसलं असतं. हाड कसं बसवायचं हा निर्णय माणसाचाच राहिला असता. संगणकाची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही इथं दिसतात.

अक्षर, नाव आणि टोपणाचा रंग

औषधखिडकीतून मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची सांगू? शून्याची. डॉक्टरनं १.० लिहिलं आणि टिंब पुसट असलं की होतात दहा. अर्ध्यासाठी नुसतं .५ लिहिलं की होतात पाच. इन्सुलिनपुढं घाईत इंग्रजी 'यू' काढला आणि तो मिटला की शून्यासारखा दिसतो, दहाचे शंभर.

इन्सुलिनचं आणखी एक आहे, ते घरोघरी कामाचं आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलीत ४० युनिटच्या असतात, आणि काही १०० युनिटच्या. सिरिंजही दोन. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली तर डोस अडीच पट जातो. साखर झपकन उतरते, माणूस बेशुद्ध. कुणाचंही अक्षर वाईट नाही, कुणाचा हिशेब चुकलेला नाही, फक्त टोपणाचा रंग चुकला. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी आज घरी जाऊन बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून आकडा वाचा.

मग नावं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि जुलाबासाठी देतात ते मेट्रोनिडाझोल, अक्षर वाईट असेल तर सुरुवात एकच दिसते. ब्रँडच्या नावांचं तर विचारू नका. फॅल्सिगो आणि फॅल्सिटॅब या दोन नावांवरून दोन कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. दोन्ही मलेरियावरची औषधं, पण घटक वेगळे. २००१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की औषधाच्या नावात सारखेपणाचा प्रश्न इतर मालापेक्षा जास्त कडकपणे तपासला पाहिजे, कारण इथं गफलत झाली तर जीव जातो. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलनं नियमात बदल करून डॉक्टरांना सांगितलं, औषधाचं मूळ नाव लिहा, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा.

आणि एक घटना माझ्या व्यवसायातल्या माणसानं विसरू नये अशी. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासून तपासणीपर्यंतचा सगळा कारभार उघडा केला. तिथं प्रश्न अक्षराचा नव्हता. पण माल आला कुठून, तपासला कुणी, कुठल्या वॉर्डात गेला, हे तिथल्या तिथं कळण्याची सोय असती तर निदान पुढचे डोस थांबवता आले असते. आज बॅच नंबर टाकला की माल कुठं पोहोचला ते काही मिनिटांत दिसू शकतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झालाय. मोबाइल धरा, औषधाचा घटक, कंपनी, बॅच, मुदत सगळं दिसेल.

संगणक आला

संगणकानं खरंच फायदा झाला का? झाला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी औषधं हातानं न लिहिता संगणकात भरायला सुरुवात केली तेव्हा औषधांच्या गंभीर चुका निम्म्याहून जास्त, म्हणजे ५५ टक्के कमी झाल्या. अक्षराचा प्रश्न संपला. ॲलर्जी असेल तर इशारा येतो. एकाच घटकाच्या दोन गोळ्या आल्या तर यंत्र टोकतं. सिस्टर पेशंटच्या मनगटावरचा बारकोड आणि औषधावरचा बारकोड जुळवून बघतात.

आता दुसरी बाजू. २०१३ चा जुलै, सॅन फ्रान्सिस्कोचं एक नामांकित विद्यापीठ रुग्णालय. सोळा वर्षांचा मुलगा, त्याला एका प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती, १६० मिलिग्रॅमची. डॉक्टरनं आकडा टाकला १६०. पण त्या चौकटीत एकक होतं 'दर किलो वजनाला'. मुलाचं वजन ३८.६ किलो. संगणकानं गुणाकार केला आणि उत्तर आलं साडेअडतीस गोळ्या. इशारा आला. पण असे इशारे दिवसाला इतके येतात की डॉक्टरनं तो बंद केला. औषधनिर्मात्याकडेही आला, त्यानंही पुढं ढकलला. यंत्रमानवानं साडेअडतीस गोळ्या इमानेइतबारे पाकिटात भरल्या. सिस्टरला शंका आली, तिनं बारकोड लावला. बारकोड म्हणाला, बरोबर आहे. आणि त्या पोरानं एकेक करत सगळ्या गिळल्या. त्याला जोराचे झटके आले, नशीब म्हणून वाचला. तिथलेच डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी पुढं आपल्या पुस्तकात ही हकीकत सविस्तर लिहिली. लपवली नाही, हे मला मोठं वाटतं.

बघा, चारही चाळण्या होत्या. पण प्रत्येक जण म्हणाला, माझ्या आधीच्यानं बघितलं असेल, आणि यंत्र कसं चुकेल?

दुसरं उदाहरण आपल्याला जास्त लागू पडतं. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात संगणकीय पद्धत आल्यावर, बाहेरच्या रुग्णालयांतून तिथं हलवलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. कारणांतलं एक असं. आधी फोन यायचा, मूल वाटेत आहे, आणि इकडे औषधं भरून तयार ठेवायचे. नव्या पद्धतीत मूल दारात येऊन नोंदणी होईपर्यंत औषधाची मागणीच टाकता येईना. जिथं मिनिटं मोलाची तिथं यंत्र म्हणतंय, आधी नोंदणी. पुढं सिएटलच्या रुग्णालयानं तसलीच पद्धत नीट तयारी करून बसवली, तिथं मृत्यू वाढले नाहीत. दोष संगणकावर टाकून मोकळं होता येत नाही. तो कसा बसवला, आणि बसवण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरला कुणी विचारलं का, यावर सगळं असतं. चांदवडहून नाशिकला जाणाऱ्या पेशंटसाठी हा धडा तिकडच्या इतकाच खरा आहे.

आपल्या मातीतल्या अडचणी

काही अडचणी तर खास आपल्या आहेत. पेशंटची ओळख पटवायची तर नाव आणि जन्मतारीख विचारा, असं पुस्तकात असतं. आपल्याकडे आहेर किती? गांगुर्डे किती? त्यात तेच पहिलं नाव. इंग्रजीत आहेर लिहायला एक जण एक 'ए' वापरतो, दुसरा दोन, तिसरा अहिरे समजून लिहितो. एकाच बाईच्या तीन फाइली तयार. आणि जन्मतारीख? इथं जमलेल्या ज्येष्ठांनी हात वर करा, कुणाकुणाची १ जून आहे? (सभागृहात बरेच हात वर.) बघा! शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख. म्हणजे सारखं नाव, सारखं आडनाव आणि सारखी जन्मतारीख असलेल्या दोन बाया एकाच वॉर्डात असणं आपल्याकडे अगदी शक्य आहे. संगणकाच्या यादीत एकाखाली एक दिसतात, आणि बोट एक ओळ खाली घसरतं.

यावर उपाय म्हणून सरकारनं आभा क्रमांक काढलाय. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य क्रमांक. तो ऐच्छिक आहे. त्यात तुमचे रिपोर्ट एका जागी साठवत नाहीत. ते ज्या त्या रुग्णालयात राहतात आणि तुमच्या संमतीनं दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. सोय चांगली आहे, पण दोन्ही टोकांची रुग्णालयं जोडलेली असली तरच उपयोग. आणि तिचा ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली, फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

आणि यंत्रणा बंदही पडते. जे. जे.सह राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत एचएमआयएस नावाची संगणकीय पद्धत बरीच वर्षं होती. जुलै २०२२ मध्ये थकीत बिलांच्या वादात ती थांबली आणि सगळे पुन्हा कागदावर आले. जुन्या पेशंटचा पूर्वेतिहास पडद्यामागे, पेशंट समोर. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, आणि एवढं मोठं सरकारी रुग्णालय जवळपास दोन आठवडे हातानं नोंदी करत होतं. म्हणून माझं म्हणणं, कागद फेकू नका. कागद आणि पडदा, दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावं.

आपल्या संस्थेतली एक गोष्ट

आता जे सांगणार आहे ते त्या घराच्या परवानगीनं, किंबहुना त्यांच्या सांगण्यावरून सांगतोय. नावं घेणार नाही, रुग्णालयाचंही नाही.

आपल्या संस्थेतल्या एका आजींना छातीत दुखतं म्हणून बाहेरगावी दाखल केलं होतं. पाच दिवसांनी घरी आल्या. सोबत संगणकावर छापलेलं, तीन पानी, स्वच्छ डिस्चार्ज कार्ड. त्यात रक्तदाबाची जुनी गोळी होती आणि नवीही होती. डॉक्टरांनी जुनी बंद करून नवी सुरू केली होती. पण दाखल होताना भरलेली जुनी यादी कार्डात जशीच्या तशी पुढं आली, काढायची राहिली. दोन्हींचा घटक एकच, ब्रँड वेगळे. घरात जुन्या गोळीची पट्टी होतीच. सून शिकलेली, नेमानं करणारी. तिनं कार्ड समोर ठेवून, वेळ बघून, दोन्ही गोळ्या दिल्या. आठव्या दिवशी पहाटे आजी उठल्या, चक्कर आली, न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्या पूर्वीसारख्या चालल्या नाहीत.

पुढचं जास्त वाईट आहे. बोलणी बसली ती सुनेला. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "कुणी दिल्या दोन दोन गोळ्या?" नात्यातल्या बायका म्हणाल्या, "लक्ष नव्हतं गं तिचं." तिनं सहा महिने कुणाच्या हळदीकुंकवाला पाय ठेवला नाही. कार्ड तिनं कपाटात जपून ठेवलं होतं, पण वाचून कुणी बघितलं नव्हतं. ते मला दाखवलं तेव्हा मी दोन्ही नावांखालचा घटक वाचला. एकच होता.

मी आज इथं सगळ्यांसमोर सांगतो. त्या बाईनं कार्डात लिहिलेलंच केलं, अक्षर न् अक्षर. सगळ्या चाळण्यांतून निसटलेला खडा तिच्या ताटात पडला, आणि आपण तिलाच विचारलं, खडा का टाकलास. छापलेलं म्हणजे खरं, असं आपण सगळे धरून चालतो. हाताचं अक्षर असतं तर तिनं दुकानदाराला विचारलं तरी असतं. छापील दिसलं म्हणून विचारावंसंही वाटलं नाही. आपल्यातल्या ज्यांनी ज्यांनी तिला बोल लावला, त्यांनी आज जाताना तिच्याशी दोन शब्द बोलून जावं, एवढी माझी विनंती आहे.

मग करायचं काय

पहिलं. प्रत्येक घरात, नियमित औषध घेणाऱ्या प्रत्येक माणसाचा एक कागद. एकच पान. पूर्ण नाव, जन्मवर्ष, घरचा फोन. आजार. कशाची ॲलर्जी. झालेली ऑपरेशनं. आणि गोळ्यांची यादी: ब्रँडखाली बारीक अक्षरात छापलेलं घटकाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी, कशासाठी. शेवटी एक रकाना सगळ्यात महत्त्वाचा: बंद केलेल्या गोळ्या आणि बंद केल्याची तारीख. आजींच्या घरी हा रकाना असता तर आजी आज या हॉलमध्ये पायी चालत आल्या असत्या. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर वार लिहा. सांधेदुखीवरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असतं, कुणी रोज घेतलं तर जिवावर बेततं. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

दुसरं. दाखल होताना सिस्टर विचारतात, "तुम्ही आहेर ना?" नुसती मान हलवू नका. आपलं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव स्वतःच्या तोंडानं सांगा.

तिसरं. घरी सोडताना बिलाच्या गडबडीत कार्ड घडी घालून पिशवीत टाकू नका. तिथंच तीन प्रश्न विचारा. नवीन काय सुरू केलं? जुनं काय बंद केलं? कधी परत दाखवायचं? डॉक्टर घाईत असतील तर सिस्टरना विचारा, औषधाच्या खिडकीवर विचारा. तिथला माणूस वैतागलेला दिसतो, पण विचारलेलं त्याला आवडतं. अनुभवानं सांगतो.

चौथं. आपले वैद्यकीय कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलं की गोपनीयतेचं कारण देऊन रुग्णाला त्याचेच कागद नाकारता येणार नाहीत. मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. भांडायला नको, लेखी अर्ज करायचा.

आणि रुग्णालयांकडून माझी अपेक्षा? ती आपल्याच संस्थेच्या दप्तरात आहे. आपलं दरवर्षी लेखापरीक्षण होतं. तपासनीस दोष काढतात आणि आपण दोषदुरुस्ती अहवाल पाठवतो. कुणाला फासावर देत नाही, पण दोष लिहितो, दुरुस्त करतो आणि सभेपुढं ठेवतो. पंचवीस वर्षांत आपल्यात भांडणं कमी झाली नाहीत, तरी हिशेब कधी तुंबला नाही, तो यामुळे. चुकीचं औषध गेलं किंवा जाता जाता वाचलं, तर प्रत्येक रुग्णालयानं ते असंच लिहावं. लिहिणाऱ्या सिस्टरला नोटीस न देता लिहू द्यावं. नाही तर ती लिहिणारच नाही, आणि तीच चूक शेजारच्या वॉर्डात पुन्हा होईल.

शेवटी ठराव म्हणून मांडतो. रौप्यमहोत्सवाच्या खर्चातून प्रत्येक घराला हे एक पानाचं कार्ड छापून द्यावं. शाल-श्रीफळापेक्षा स्वस्त पडेल. दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या दिवशी सभासदांनी ते अद्ययावत करून आणावं, मी दारात टेबल टाकून बसतो. आपल्या गावात इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, आपलीही तीन-चार मुलं तिथं शिकतात. त्यांनी ज्येष्ठांना आभा काढून द्यावं आणि मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो ठेवून द्यावा. कार्डाचा नमुना याच स्मरणिकेत द्यावा अशी मी संपादक मंडळाला विनंती केली आहे.

सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून मघाशी सांगितलेल्या त्या सूनबाईंनी आपण होऊन हात वर केलाय, त्याची इतिवृत्तात नोंद व्हावी.

आता जेवायला चला, मठ्ठा गार होतोय असं नाही, पण जिलेबी नक्की गार होतेय.